नोंदवहीत ओठ दिसत नाहीत : संगीतोपचार विभागाला खुलं पत्र

प्रति,
विभागप्रमुख, संगीतोपचार विभाग,
अभ्यासमंडळाचे सर्व सदस्य,
आणि संचालक, दूरशिक्षण केंद्र.

विषय : प्रात्यक्षिकाच्या रेकॉर्डिंगवरून होणारं मार्गदर्शन बंद करण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत.

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात विद्यार्थ्यांच्या खात्यावर आपली एक सूचना आली. तीन वाक्यांची. रुग्णांच्या गोपनीयतेच्या कारणाने यापुढे सेशनची रेकॉर्डिंग स्वीकारली जाणार नाहीत. त्याऐवजी दर सेशनची पाचशे शब्दांत लेखी नोंद द्यायची. आणि प्रत्येकाला स्वतंत्र मिळणाऱ्या मार्गदर्शनाच्या जागी महिन्यातून एक गटचर्चा होईल. खाली नाव नव्हतं, सही नव्हती, नुसतं 'आदेशावरून'. तेही भर सेमिस्टरमध्ये.

मी दोन ईमेल केले. दोन्हींना एकच उत्तर आलं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे'. हे उत्तर यंत्राने दिलंय हे ओळखायला काही संगीताचा कान लागत नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. संगीतोपचाराच्या दूरशिक्षण पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावा की नाही या विचारात जे असतील, त्यांनीही ते वाचावं. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्यासाठी आहे त्यांना ते बरोबर पोचेल.

आधी माझ्याविषयी थोडं. वय चव्वेचाळीस. सतरा वर्षं मुलांना गाणं आणि गिटार शिकवते आहे. नोकरी सोडून, घर सोडून दोन वर्षं वसतिगृहात राहणं मला जमणारं नव्हतं, त्यामुळे दूरशिक्षणाचा एवढा एकच दरवाजा माझ्यासाठी उघडा होता. माझ्या वर्गातले बहुतेक जण असेच आहेत. एक परिचारिका रात्रपाळी संपवून सकाळी लेक्चरला बसते. एक जण विशेष मुलांच्या शाळेत शिकवतात. तेव्हा दूरशिक्षणाची टवाळी करणाऱ्यांच्या पंक्तीला कृपा करून मला बसवू नका. 'घरबसल्या पदवी' म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी मी दोन वर्षं भांडते आहे. संगीतोपचार लांबून शिकता येतो, निदान त्याचा बराच मोठा भाग शिकता येतो, हे मी स्वतः अनुभवलेलं आहे. पण ते सगळं ज्या एका खुंटीवर टांगलेलं होतं, ती खुंटीच आपण उपटलीत.

कोणती खुंटी, ते सांगते.

या सेमिस्टरला माझं प्रात्यक्षिक पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या माणसांबरोबर आहे. त्यातल्या एका आजींबरोबर मी आठवड्यातून एकदा पाऊण तास बसते. (त्यांना आणि त्यांच्या मुलीला विचारून हे लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झालेल्या काही माणसांना साधं वाक्य बोलता येत नाही, पण ओळखीच्या गाण्याची ओळ शब्दांसकट म्हणता येते. हे निरीक्षण जुनं आहे. त्याच्याच आधाराने अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म या तिघांनी १९७३ साली 'मेलॉडिक इंटोनेशन थेरपी' मांडली, म्हणजे वाक्यं चालीवर म्हणवून घेत बोलणं परत आणायची पद्धत. मी करत होते ते त्याच्याही आधीचं, अगदी पहिल्या पायरीचं काम. ओळखीची ओळ गायची, शेवटचा शब्द मोकळा सोडायचा आणि थांबायचं.

ते थांबणं मला येत नव्हतं. सतरा वर्षं वर्ग घेतलेल्या बाईला शांतता सोसत नाही. मूल अडलं की आपण सूर देतो, शब्द देतो, ओळ पुढे नेतो. हाताला तीच सवय. चौथ्या सेशननंतर मी वहीत लिहिलं : 'शेवटचा शब्द भरण्याचा प्रयत्न दिसला नाही. लक्ष इतरत्र. थकवा?' यात खोटं काही नव्हतं. मला दिसलं ते मी लिहिलं.

रेकॉर्डिंग आपल्याच विभागातल्या माझ्या सुपरवायझर मॅडमकडे गेलं. तीन दिवसांनी व्हिडिओ कॉलवर त्यांनी ते लावलं आणि चौदाव्या मिनिटाला थांबवलं. म्हणाल्या, 'आता मागे घेऊन पुन्हा लावते, आवाज बंद करून. तू फक्त ओठ बघ.' मी बघितलं. ओळ सोडून मी चार मात्रा थांबले होते. पाचव्या मात्रेला तो शब्द मी स्वतःच म्हटला आणि पुढची ओळ उचलली. आणि सहाव्या मात्रेला, मी मान खाली घालून गिटारकडे बघत असताना, आजींचे ओठ गोल झाले होते. सोडलेला शब्द ओकाराने सुरू होणारा होता.

मॅडम एवढंच म्हणाल्या, 'त्यांच्या तोंडचा घास काढून घेतलास की गं.'

पुढच्या आठवड्यात मी मनात आठ मात्रा मोजल्या. मात्रेला साधारण एक सेकंद धरा, आणि एकदा घड्याळ लावून कुणासमोर तरी आठ सेकंद गप्प बसून बघा, म्हणजे ते केवढं लांबलचक असतं ते कळेल. पहिल्या वेळी काही झालं नाही. दुसऱ्या वेळीही नाही. तिसऱ्या वेळी, सातव्या मात्रेला, आवाज आला. शब्दाचं फक्त पहिलं अक्षर, तेही घोगरं. चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. या विषयाचं निम्मं नुकसान चमत्काराच्या गोष्टींनीच केलेलं आहे. पण आजींना प्रतिसाद द्यायला किती वेळ लागतो हा आकडा आम्हाला मिळाला, आणि पुढची सगळी आखणी त्या आकड्यावर उभी राहिली.

आता नवा नियम लावून बघा. मॅडमकडे फक्त माझी नोंद गेली असती. 'प्रयत्न दिसला नाही. थकवा?' त्यावरून त्यांनी काय सांगितलं असतं? सेशन छोटं कर, गाणं बदलून बघ. मी तसं केलं असतं, पाचव्या मात्रेला पुन्हा शब्द हिरावला असता आणि पुन्हा प्रामाणिकपणे लिहिलं असतं की प्रतिसाद नाही. लिहिणाऱ्याला जेवढं दिसलं तेवढंच वहीत उतरतं. शिकाऊ माणसाला जे दिसत नाही ते दाखवायलाच तर सुपरवायझर असतो! पाचशेच्या जागी पाच हजार शब्द लिहून घेतलेत तरी त्यात आजींचे ओठ आले नसते, कारण मी गिटारकडे बघत होते.

गटचर्चेचंही तेच. आम्ही वीस जण, चर्चा एक तास. माझ्या वाट्याला तीन मिनिटं, त्यातलं अर्धं 'माझा आवाज येतोय का' विचारण्यात जाणार.

गोपनीयतेचा मुद्दा पोकळ आहे असं मी म्हणत नाही. आजारी माणसाचा चेहरा, त्याची धडपड, कधी रडणं, हे सगळं त्या फाइलमध्ये असतं. ती भलत्याच्या हाती पडली तर ते नुकसान कशानेही भरून येणार नाही. पण मला सांगा, आजवर ही फाइल जात कशी होती? विद्यार्थ्याने स्वतःच्या फोनवर शूट करायचं, स्वतःच्या खात्यात साठवायचं आणि लिंक ईमेलने पाठवायची. ही रीत विभागाने घालून दिलेली होती. विद्यापीठाची स्वतःची सुरक्षित जागा का नाही, असं आम्ही काही जणांनी पहिल्याच सेमिस्टरला विचारलं होतं. 'बघू' असं उत्तर मिळालं. इतके दिवस दाराला कुलूप लावायचं सुचलं नाही, आणि आता चोरीच्या भीतीने घरच पाडायला निघालात. आणि पाचशे शब्दांच्या नोंदीत गोपनीयता आपोआप सांभाळली जाते हे कुणी ठरवलं? वय, आजार, घरची परिस्थिती, सगळं त्यात असतं, आणि ती नोंदही त्याच ईमेलने जाणार आहे.

सूचनेच्या एकंदर सुरावरून असं वाटतं की रेकॉर्डिंग बघून शिकवणं ही लांबच्या विद्यार्थ्यांना दिलेली सवलत होती, ती आता काढून घेतली. या विद्येचा इतिहास वेगळं सांगतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच समुपदेशनाच्या मुलाखती तबकड्यांवर मुद्रित करून त्यांवरून विद्यार्थ्यांना शिकवायला सुरुवात केली होती. संगीतोपचारात पॉल नॉर्डॉफ आणि क्लाइव्ह रॉबिन्स यांची जोडी १९५९ मध्ये जमली. एक संगीतकार, दुसरे विशेष मुलांचे शिक्षक. अपंग मुलांबरोबरची आपली सेशन ते टेपवर घेत आणि नंतर बसून ती टेप पुन्हा पुन्हा ऐकत. मुलाचा कोणता ठोका पियानोच्या कोणत्या सुराला आला, आवाज कुठे चढला, कुठे थांबला, असं टिपत जात. त्यांच्या परंपरेतले लोक आजही असंच काम करतात. ही दोघं त्या मुलाच्या शेजारी, त्याच खोलीत बसलेली असायची. तरी त्यांनी नुसत्या आठवणीवर भरवसा ठेवला नाही. मग आमच्या सुपरवायझर तर शेकडो मैलांवर बसतात. त्यांनी कशावर भरवसा ठेवायचा?

खरं कारण पैसा असेल, असा मला संशय आहे. पाऊण तासाचं रेकॉर्डिंग नीट बघायला तासभर जातो, वर अर्धा तास बोलणं. वीस विद्यार्थी, प्रत्येकी सेमिस्टरला सहा रेकॉर्डिंग, आणि मॅडम कंत्राटी. हिशेब भारी पडतो हे मला समजतं. तसं असेल तर तसं सांगा, त्यावर बोलता येईल. प्रवेशसंख्या कमी करा, सहाच्या जागी चार रेकॉर्डिंग घ्या. पण रुग्णांच्या आडून काटकसर करू नका. आमच्याकडून घेतलेलं 'पर्यवेक्षण शुल्क' मात्र याही सेमिस्टरला पूर्ण भरून घेतलंत, हे सहज आठवलं म्हणून लिहिलं.

दुसरी तक्रार उत्स्फूर्त वादनाच्या परीक्षेची. हा पेपर मला सगळ्यात आवडायचा. परीक्षक रुग्णाची भूमिका करतात, ड्रमवर काहीतरी वाजवतात, आणि आपण त्यांची लय पकडून त्यांना साथ द्यायची, मग हळूहळू दुसरीकडे न्यायचं. समोरासमोर असेल तर फार सुंदर परीक्षा. आमची झाली व्हिडिओ कॉलवर.

संगीत विभागाला हे गणित मी सांगावं लागतंय याचं वाईट वाटतं. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांत जेमतेम साडेतीन मीटर. एका खोलीत बसलेल्या दोन वादकांमध्ये एवढाच काय तो उशीर असतो. तो साधारण ३० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की एकत्र वाजवणं अवघड होऊ लागतं. दोघेही एकमेकांची वाट बघतात आणि लय ओढत खाली जाते. साध्या व्हिडिओ कॉलवर हाच उशीर सहज १०० मिलिसेकंदांच्या वर असतो, वर तो कमीजास्तही होत राहतो. म्हणजे परीक्षकांचा ठोका माझ्यापर्यंत उशिरा येणार, मी त्यावर अचूक ठोका दिला तरी तो त्यांच्याकडे आणखी उशिरा पोचणार. माझ्या गुणपत्रिकेवर शेरा आला : 'लय अस्थिर, रुग्णाच्या मागे राहते.' मी मागे नव्हते हो, माझा आवाज वाटेत होता.

त्यात ते सॉफ्टवेअर बोलण्यासाठी बनवलेलं. लांबवून धरलेला सूर त्याला पंख्याची घरघर वाटतो आणि शेकरची, म्हणजे खुळखुळ्यासारख्या वाद्याची, सळसळ तर सरळ कचरा. परीक्षेत मी चांगला अर्धा मिनिट शेकर वाजवत होते आणि परीक्षक 'हं, करा सुरू' म्हणत होते. आता हसू येतं, तेव्हा घाम फुटला होता. आवाज न गाळता मूळचा तसा पाठवण्याची सोय अशा सॉफ्टवेअरमध्ये असते, ती चालू करावी लागते. परीक्षेच्या चार पानी सूचनापत्रात ओळखपत्र कुठल्या हातात धरायचं हे होतं, ही एक ओळ नव्हती.

यावरही उपाय रेकॉर्डिंगच आहे, हे आपल्या लक्षात आणून देते. विद्यार्थ्याने आपल्या गावात, एका खोलीत, दुसऱ्या माणसाबरोबर वाजवलं आणि ते मुद्रित केलं, तर दोघांच्या ठोक्यांमधलं अंतर फाइलमध्ये जसंच्या तसं राहतं. परीक्षक कुठेही असोत, त्यांना ते नीट जोखता येतं. हे परीक्षेपुरतंच नाही. पार्किन्सनच्या रुग्णांना चालण्यासाठी ठेका द्यायला आपण शिकवता. आधी माणसाची नेहमीची पावलांची गती मोजायची, ठेका तिला जुळवायचा, आणि मग ५ ते १० टक्क्यांनी वाढवायचा. मिनिटाला ८० पावलं असतील तर ८४ ते ८८. घाई केली तर समोरचा माणूस पडू शकतो. पाऊल ठेक्यावर पडतंय की ठेक्यामागे फरफटतंय, हे रेकॉर्डिंगमध्ये दिसतं. वहीत 'पावलं ठेक्याशी जुळली' असं एक वाक्य असेल, आणि ते वाक्य माझं असेल.

तिसरी गोष्ट प्रात्यक्षिकाच्या जागेची. प्रवेशपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर 'कुठूनही शिका' असं ठळक आहे. आत, मागच्या पानांत, 'प्रात्यक्षिकाचे ठिकाण विद्यार्थ्याने स्वतः शोधावे' असं बारीक आहे. मी नऊ ठिकाणी पायऱ्या झिजवल्या. एका ठिकाणच्या व्यवस्थापकांनी आपुलकीने चौकशी केली, 'म्हणजे तुम्ही गाणी म्हणणार का? मग वार्षिक कार्यक्रमाला या ना!' त्यांची चूक नाही. आजारी माणसांसमोर वाजवायला संगीतकार पूर्वीपासून जात आलेत. नुसतं वाजवणं पुरत नाही, त्यासाठी वेगळं शिकावं लागतं, हे पटलं तेव्हा कुठे अमेरिकेत मिशिगन स्टेट या शिक्षणसंस्थेत १९४४ साली या विषयाचा पहिला पदवी अभ्यासक्रम निघाला. हे त्या व्यवस्थापकांना समजावून सांगायचं काम विभागाच्या लेटरहेडचं आहे. एकट्या विद्यार्थिनीने गिटार खांद्याला लावून ते कितीदा सांगायचं?

शेवटी एक संस्था तयार झाली. त्यांनी रास्तच तीन कागद मागितले : विद्यापीठाशी करार, काही बरंवाईट घडलं तर जबाबदारी कुणाची याचा खुलासा, आणि सुपरवायझरचं पत्र. ते तीन कागद विभागाकडून यायला अकरा आठवडे लागले. सेमिस्टर सोळा आठवड्यांचं. उरलेल्या पाचांत मी तास कसे भरले ते माझं मला माहीत. वर्गातल्या एकीने याच घोळात सेमिस्टर सोडलं.

तासांना एवढं का महत्त्व, असं बाहेरच्या वाचकाला वाटेल. अमेरिकन म्युझिक थेरपी असोसिएशनच्या निकषांत किमान १२०० तासांचं क्लिनिकल प्रशिक्षण लागतं. त्यातले किमान १८० तास इंटर्नशिपच्या आधीचे आणि किमान ९०० इंटर्नशिपमधले. त्यानंतर तिथल्या प्रमाणन मंडळाची परीक्षा. ब्रिटनमध्ये तर 'म्युझिक थेरपिस्ट' ही उपाधीच कायद्याने राखीव आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय ती नावापुढे लावता येत नाही. आणि जिथे असा परवाना वगैरे काही नसतो तिथे तर आमच्याकडे दाखवायला दुसरं काहीच नाही. किती तास काम केलं आणि ते कुणी डोळ्यांनी बघितलं, एवढाच पुरावा. 'कुणी बघितलं' या रकान्यात आता काय लिहायचं?

याला लागूनच एक. आपली पदवी कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे प्रवेशाच्या वेळी कुणीच सांगत नाही. पुस्तिकेत 'करिअरच्या अमाप संधी' एवढं आहे. माझ्या एका वर्गमित्राला पहिलं वर्ष संपल्यावर कळलं की तो ज्या देशात स्थायिक होणार आहे तिथे या पदवीवर त्याला नोंदणी मिळणार नाही. त्याने स्वतः आधी चौकशी करायला हवी होती, मान्य. पण विभागाला ते माहीत असूनही विभाग गप्प राहिला, हे कसं मान्य करायचं?

बाकी किरकोळ तक्रारी आहेत, ग्रंथालयाच्या, वेळापत्रकाच्या, कचेरीत फोन न उचलण्याच्या. त्या या पत्रात नकोत. शिकवणाऱ्यांविषयी तर माझी काहीच तक्रार नाही. मज्जासंस्थेवरची लेक्चर्स मी तीन-तीनदा ऐकली आहेत, आणि इतकं नेटकं शिकवणारं माणूस मला प्रत्यक्ष वर्गातही क्वचित भेटलं होतं. म्हणूनच हे पत्र लिहायचे कष्ट घेते आहे. टाकाऊ अभ्यासक्रम असता तर मुकाट्याने सोडून गेले असते.

माझ्या मागण्या अशा :

१. रेकॉर्डिंग न स्वीकारण्याची सूचना मागे घ्यावी आणि प्रत्येक विद्यार्थ्याला रेकॉर्डिंगवर आधारित स्वतंत्र मार्गदर्शन पुन्हा सुरू करावं. लेखी नोंद त्याच्या जोडीला जरूर ठेवा, ती उपयोगी असते. माझी चूक वही आणि फाइल शेजारी ठेवल्यावरच कळली.

२. गोपनीयतेसाठी विद्यापीठाने स्वतःची सुरक्षित साठवण द्यावी. संमतीपत्राचा एकच नमुना असावा, त्यात रेकॉर्डिंग कोण बघणार, किती दिवस ठेवणार आणि कोणत्या तारखेला पुसणार हे लिहिलेलं असावं. ज्या रुग्णाला रेकॉर्डिंग नको असेल त्याच्यासाठी प्रत्यक्ष हजर राहणारा स्थानिक सुपरवायझर विभागाने मान्य करावा.

३. उत्स्फूर्त वादनाची परीक्षा थेट कॉलवर घेऊ नये. एकतर एका खोलीत मुद्रित केलेलं वादन तपासावं, नाहीतर वर्षातून एकदा आम्हाला आठवडाभर बोलवावं. तारखा सहा महिने आधी कळल्या तर आम्ही येऊ, रजा टाकून येऊ. या वर्षी कॉलवर दिलेले गुण फेरतपासावेत.

४. प्रात्यक्षिकाच्या ठिकाणांशी करार करण्याची जबाबदारी विभागाने घ्यावी. विद्यार्थ्याने ठिकाण सुचवलं तर कागद तीन आठवड्यांत मिळावेत.

५. पदवी कुठे नोंदणीसाठी चालते, कुठे नाही, आणि एकूण किती तासांचं प्रशिक्षण त्यात धरलं आहे, हे प्रवेशपुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापावं. 'अमाप' वगैरे शब्द काढून तेवढी जागा सहज होईल.

६. यातलं जे शक्य नसेल ते का शक्य नाही, हे अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीआधी लेखी कळवावं. कुणाच्या तरी सहीने.

या पत्रावर माझ्या वर्गातल्या अकरा जणांची संमती आहे. नावं मी विभागप्रमुखांना स्वतंत्र पाठवते आहे. परीक्षा अजून व्हायच्या आहेत, त्यामुळे ती इथे न लिहिण्याचं कारण आपण समजून घ्याल.

येत्या गुरुवारी आजींबरोबर माझं सेशन आहे. संमतीपत्राची मुदत संपायला अजून दोन महिने आहेत, मुलीची सही आहे, आणि त्याशेजारी आजींनी डाव्या हाताने मारलेली एक रेघ आहे. नेहमीप्रमाणे कॅमेरा कोपऱ्यात, त्यांचा चेहरा आणि माझे हात दोन्ही दिसतील असा लावणार आहे. त्या आता पहिल्या अक्षरावरून दुसऱ्यावर जाऊ लागल्या आहेत असं मला वाटतं. पण 'मला वाटतं' यावर विसंबायचं नाही, हे आपल्याच विभागाने मला शिकवलं. फाइल कुणाकडे पाठवू, ते कळवावं.

आपली नम्र,
संगीतोपचार पदव्युत्तर अभ्यासक्रमाची (दूरशिक्षण) द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी